एका ओ-रिंगमागचा जागतिक करार

गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर गेला की गॅरेजमधून हातात पडणारी यादी सहसा एका ओळीची नसते. कॉम्प्रेसरच्या खाली ड्रायर असतो, ओ-रिंगचा सेट असतो, तेल असतं. कधी एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि कंडेन्सरही. 'बिघडला एक, बदलताय पाच' असं म्हणत आपण अर्धी यादी खोडतो. उरलेल्या यादीवर दुकानदार विचारतो, "ओरिजिनल की लोकल?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न 'कुठल्या गॅसचं?' हा. त्याचं उत्तर समजून घ्यायला जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागतं.

न जळणारा, न मारणारा गॅस

१९२०च्या दशकात फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, अमोनिया किंवा मिथाइल क्लोराइड वापरत. गळती झाली तर घरातल्या माणसांच्या जिवावर बेतायचं. फ्रिजिडेअर ही कंपनी तेव्हा जनरल मोटर्सच्या मालकीची होती. तिच्यासाठी विषारी नसलेला आणि पेट न घेणारा गॅस शोधायचं काम थॉमस मिजली या इंजिनिअरकडे आलं. पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती १९२१मध्ये शोधणारा मिजली तो हाच. १९३०मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीसमोर त्याने नवा गॅस छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवली. माणूस मरत नाही, आग लागत नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. या गॅसला पुढे बाजारात 'फ्रिऑन' आणि तांत्रिक भाषेत आर-१२ म्हणू लागले.

मोटारीत एसी आला तो याच गॅसच्या जिवावर. पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलमध्ये तो दिला. कूलिंग कॉइलने डिकीतली जागा खाल्ली होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडून पट्टा काढा! १९५४मध्ये नॅशने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात बसवली. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल हा आजचा संसार थोड्याफार फरकाने तोच आहे.

गळणारी यंत्रणा

घरातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर डब्यात सीलबंद असतो. गाडीतला पट्ट्यावर फिरतो, म्हणजे त्याचा शाफ्ट बाहेर काढावाच लागतो आणि तिथे सील येतं. इंजिन हलत असतं, म्हणून नळ्या रबरी लागतात. थोडा गॅस निसटणार हे गृहीतच होतं. तो निसटला तर कुणाला इजा नव्हती, त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी उरलेला गॅस सरळ हवेत सोडून द्यायची पद्धत पडली.

१९७४मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिलं, की हा टिकाऊ गॅस वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये जातो, तिथे अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटलेला क्लोरिन ओझोन नष्ट करतो. जो गुण मिजलीला हवा होता, कशाशीच प्रक्रिया न करण्याचा, तोच घातक ठरला. १९८५मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जाहीर केलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२मध्ये सामील झाला. विकसित देशांनी आर-१२चं उत्पादन १९९५अखेर थांबवलं. आपल्यासारख्या देशांना २०१०पर्यंत मुदत मिळाली.

एक रेणू बदलला की

पर्याय म्हणून आर-१३४ए आला. त्यात क्लोरिन नाही, त्यामुळे ओझोन सुरक्षित. पण जुन्या गाडीत नुसता नवा गॅस भरून भागेना.

एसीच्या कॉम्प्रेसरला तेल पोचवतो तो गॅसच. तेल त्यात विरघळून सगळ्या नळ्यांतून फिरतं आणि परत येतं. आर-१२सोबत चालणारं मिनरल ऑइल नव्या गॅसमध्ये विरघळत नाही. ते वाटेत साचतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि जाम होतो. म्हणून पॅग हे नवं तेल आलं. पॅग हवेतलं बाष्प शोषतं, म्हणून ड्रायरमधलं रसायन बदललं. नवा रेणू लहान, तो जुन्या रबरातून झिरपतो, म्हणून नळ्यांना आतून नायलॉनचा थर आला आणि ओ-रिंगचं रबर बदललं. गरम दिवसात दाब जास्त चढतो, म्हणून कंडेन्सर सुधारावे लागले.

गॅस भरायची तोंडंसुद्धा वेगळी केली. जुन्याला आटे होते, नव्याला क्विक कपलर. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी जपायला धडपडतो. इथे ती मुद्दाम तोडली, चुकीचा गॅस चुकीच्या गाडीत जाऊ नये म्हणून.

म्हणजे गॅरेजची यादी नेहमी लुटीची नसते. यंत्रणा उघडली की ड्रायर हवेतली ओल पिऊन बसतो. तो तसाच ठेवला तर ओल, तेल आणि गॅस मिळून आम्ल तयार होतं. कॉम्प्रेसर आतून तुटला असेल तर धातूचा चुरा कंडेन्सरच्या केसासारख्या बारीक वाटांत अडकतो आणि धुऊनही निघत नाही. तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरचा जीव घेतो. इलेक्ट्रिक गाडीत तर तेलाची चूक आणखी महाग. तिथे मोटर कॉम्प्रेसरच्या आतच असते, म्हणून वीज वाहू न देणारं पीओई तेल लागतं. पॅग चालत नाही.

गोष्ट संपलेली नाही

आर-१३४एने ओझोन वाचवला, पण तो उष्णता धरतो: शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. छोट्या गाडीत साधारण अर्धा किलो गॅस असतो. तो हवेत सोडणं म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळणं. युरोपात २०१७पासून नव्या गाड्यांत तो बंद आहे. तिथे आर-१२३४वायएफ आला. तो तापमानवाढीत जवळपास नगण्य, पण किंचित ज्वलनशील, आणि हवेत फुटल्यावर त्यातून बनणाऱ्या टीएफए या आम्लाबद्दल आता वाद चालू आहे. २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार आर-१३४एच्या कुळातल्या गॅसचा वापर भारत २०३२पासून टप्प्याटप्प्याने कमी करणार आहे.

त्यामुळे आज पार्ट घेताना बॉनेटखालचं लेबल आधी वाचायचं. गॅस कोणता, किती ग्रॅम, तेल कोणतं. त्याच्याशी जुळणारा चांगल्या कंपनीचा पार्ट ओरिजिनल डबीत नसला तरी चालतो. न जुळणारा ओरिजिनल चालत नाही. स्वस्त म्हणून एलपीजीसारखा गॅस भरू द्यायचा नाही, कारण कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे, आपल्या श्वासाच्या वाटेवर असते. आणि जुना गॅस हवेत न सोडता मशीनने काढून घेता का, हे विचारायचं.

मिजलीने त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अगदी बरोबर दिलं होतं. गळल्यावर हा गॅस जातो कुठे, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला ते माहीत आहे.