पवनारचं तेरावं

१२ फेब्रुवारी १९४८, गुरुवार. वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही पहाटेच्या अंधारात चालता आहात आणि पुढं-मागं नुसती माणसं आहेत. बंड्या आहेत, रेंग्या आहेत, पण बहुतेक जण पायी. दोन्ही अंगांना वेचून सरलेल्या पऱ्हाट्या उभ्या आहेत. पायाखाली बोटभर फुफाटा. थंडी अजून हटलेली नाही. भजन थांबलं की बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात, तेवढाच आवाज.

शेजारून चालणारी म्हातारी तुमच्याकडे बघते. तुमचे कपडे तिला वेगळे वाटत असणार.

"कोठचे जी तुमी?"

तुम्ही गावाचं नाव सांगता. वर्ष सांगत नाही.

"मी सेवाग्रामची. आमी शेगावच म्हनतो," ती म्हणते. "येतो म्हनून गेले होते बापूजी. दोन वर्सं झाली नाही तं असे आले."

ती खरं सांगते आहे. २५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी सेवाग्रामहून दिल्लीला निघाले. मग नौखाली, बिहार, कलकत्ता, पुन्हा दिल्ली. जिथं घरं जळत होती तिथं ते गेले, आणि आपल्या मातीच्या कुटीत परतायचं राहून गेलं. विधायक कार्यकर्त्यांची परिषद सेवाग्रामला भरायची होती, त्यासाठी याच फेब्रुवारीत ते येणार होते. आल्या त्या त्यांच्या अस्थी.

पवनारला पोचता तेव्हा उजाडलेलं असतं. धाम नदीचं पाणी खाली गेलं आहे, पात्रातले काळे खडक उघडे पडले आहेत. वर टेकाडावर विनोबांचा परंधाम आश्रम. १९३८ पासून ते इथं राहतात, बावन्न वर्षांचे आहेत. गांधीजींच्या हत्येची बातमी कळल्यावर दोन दिवस ते शांत होते. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, हे पुढं त्यांनीच सांगितलं आहे. आज देशभरातल्या नद्यांवर अस्थिविसर्जन होतं आहे, प्रयागला सर्वांत मोठा समुदाय लोटला आहे, आणि इथं धामच्या काठी वर्धा तालुक्यातली खेडी उभी आहेत. पाण्यात अस्थी सुटतात. तुमच्या शेजारची म्हातारी हात जोडते, वाकते आणि ओंजळभर पाणी डोळ्यांना लावते. तुम्हीही लावता. पाणी बर्फासारखं गार आहे.

आज तेरावा दिवस. आपल्याकडे तेरावं झालं की पाहुणे गाड्या पकडतात, मांडव उतरतो, उसनी भांडी परत जातात, आणि घरातल्या माणसांचा खरा काळ त्यानंतर सुरू होतो. हे ज्याच्या घरात घडलं आहे त्याला सांगावं लागत नाही. पवनारला आलेल्या या माणसांनी पुढं जे केलं ते बघायलाच तुम्हाला इथं आणलं आहे, कारण त्यांनी तेराव्यानंतर पांगायचं नाही असं ठरवलं.

पण आधी या गर्दीतली भीती ओळखा. ती बोलून दाखवत नाही कुणी. मारणारा मराठी बोलणारा होता. २० जानेवारीला बिर्ला भवनात बॉम्ब फुटला, दहा दिवसांनी त्याच आवारात पिस्तूल चाललं, आणि दोन्ही वेळा हेतू राजकीय होता. आज आपण अशा कटाला दहशतवाद म्हणतो, आणि तेच नाव त्याला द्यायला मला संकोच वाटत नाही. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडे कटाशी काहीच संबंध नसलेल्या ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. मारलेल्या माणसाच्या नावानं आणखी घरं उद्ध्वस्त करायची, हीही एक आठवण काढायची रीत असते. ती सर्वांत सोपी असते. धामच्या काठी कुणी ती उचलत नाही.

आता चार आठवडे पुढं या. ११ मार्च, सेवाग्राम.

पळस फुलला आहे. दुपारी ऊन चांगलंच चटकतं आणि कुडाच्या भिंतींची बापूकुटी आत गार लागते. चटई आहे, लहानसं बैठं मेज आहे, बाहेर पिंपळ आहे, गांधींनी लावलेला. जी परिषद त्यांच्यासमोर व्हायची होती ती त्यांच्या मागं भरते आहे. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद. विनोबा, कृपलानी, मौलाना आझाद, जयप्रकाश, कुमारप्पा, काका कालेलकर. नेहरूही येतात. सरदार पटेल नाहीत, पाच मार्चला त्यांना हृदयविकाराचा झटका आला आहे.

मागं बसा आणि ऐका. हा शोकसभेचा सूर नाही. माणसं एकमेकांवर रागावतात, आपल्या चुका काढतात, सरकारात गेलेल्यांना बाहेर राहिलेले टोचून विचारतात. मध्येच कुणी गप्प होतो आणि सगळा मंडप गप्प होतो. प्रश्न एकच फिरून येतो: आता एकमेकांना धरून राहायचं कसं? पाच दिवसांच्या शेवटी सर्वोदय समाज उभा राहतो. त्यात हुकूम काढणारा कुणी नाही, शिस्तभंगाची कारवाई नाही. विचार पटणाऱ्यांनी एकमेकांशी नातं ठेवावं, वर्षातून भेटावं. मोठ्या संघटना बांधणाऱ्यांना हे फार ढिलं वाटलं असेल. शोक झालेल्या माणसांना मात्र असंच काही लागतं, ज्यात यायला अर्ज नको आणि न आल्याबद्दल जाब नको.

आणि या बैठकीनंतर काय झालं ते महत्त्वाचं. मार्च संपता संपता विनोबांनी दहा वर्षांचा मुक्काम सोडला आणि ते दिल्लीला गेले. फाळणीत घरदार गमावून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी काम केलं, मेवातच्या मेव मुसलमानांना परत त्यांच्या गावी वसवण्यासाठी ते फिरले. म्हणजे सेवाग्रामचा शोक स्वतःच्या अंगणात थांबला नाही. दुसऱ्यांच्या मृतांपर्यंत, हिंदूंच्या, शिखांच्या आणि मुसलमानांच्याही, चालत गेला. वर्धा जिल्ह्याच्या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, आणि आपल्या शाळांत ती पुरेशी सांगितली जात नाही.

खुद्द कुटुंबाचं काय, असं तुम्ही विचाराल. गांधींचे एक चिरंजीव, रामदास, जवळच नागपूरला राहत. खटल्याचा निकाल लागून फाशीची शिक्षा झाली तेव्हा रामदास आणि मणिलाल या दोघा मुलांनी ती शिक्षा होऊ नये असं म्हटलं. ते मानलं गेलं नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याला फाशी झाली. तुम्हाला त्यांचं म्हणणं पटो, न पटो. पण बाप गेलेल्या मुलांना काय वाटतं हे विचारायची तसदी घ्यावी लागते, आणि उत्तर आपल्या मनासारखं नसलं तरी ऐकावं लागतं.

पुढं सरका. १२ फेब्रुवारी पुन्हा येते, मग पुन्हा, मग दरवर्षी. धामच्या पात्रात गांधींची छत्री उभी राहिली आहे आणि तिच्याभोवती सर्वोदय मेळा भरतो. लोक हातात सुताची गुंडी घेऊन येतात. गुंडी म्हणजे ६४० तार, स्वतः कातलेले. एका दिवसात उरकायचं काम नव्हे. आधीच्या कित्येक संध्याकाळी टकळीवर किंवा चरख्यावर बसलेलं असावं लागतं, तुटलेला धागा पुन्हा जोडावा लागतो. विनोबांनी या अर्पणाला सूतांजली म्हटलं. तुम्ही रांगेत उभे राहा. पुढच्या शेतकऱ्याचं सूत जाडंभरडं आहे, मागच्या बाईचं बारीक. कुणी कुणाचं जोखत नाही. हार विकत आणता येतो, ही गुंडी आणता येत नाही. म्हणून मला तिची बरोबरी करणारी आदरांजली आपल्याकडे दुसरी दिसत नाही.

साठच्या दशकात वर्धा गावात या. नगरपालिकेची चित्तरंजन दास शाळा. मधली सुट्टी आहे, पोरं मैदानात धावताहेत. त्यांतलाच एक मुलगा पुढं नागपूरला शिकायला जाईल, इंजिनिअर होईल, मग पोलिसात जाईल, चंद्रपूरला असताना वाळलेल्या लाकडांतून शिल्पं घडवील. हेमंत करकरे. त्याच्याकडे बघताना तुम्हाला २००८ सालची २६ नोव्हेंबर आठवते आणि त्याला थांबवावंसं वाटतं. थांबवता येत नाही. तुम्ही त्या काळात फक्त बघायला आला आहात.

मुंबईवरच्या त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली, त्यांत करकरेही. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. तिथं तुम्हाला नेत नाही. नंतरच्या वर्षांत नेतो.

जानेवारी २००९. प्रजासत्ताक दिनी दिल्लीत अशोकचक्र कविता करकरे यांच्या हाती दिलं जातं. टाळ्या, सलामी. मग त्या घरी येतात आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करतात. पतीच्या अंगातलं बुलेटप्रूफ जॅकेट कुठं गेलं? ते सापडत का नाही? त्याच हल्ल्यात आपले पोलीस अधिकारी पती गमावलेल्या विनीता कामटे त्याच काळात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागतात, त्या रात्री मदत कधी मागितली आणि कधी पोचली ते मिनिटामिनिटानं जुळवतात, पुस्तक लिहितात. कार्यालयाच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून पाहा. दरवर्षी २६ नोव्हेंबरला पुष्पचक्र वाहायला मंत्री येतात, बिगूल वाजतो, कॅमेरे येतात. २७ तारखेला या बायका आपापल्या फायली घेऊन एकट्या असतात. कविताताई २०१४ च्या सप्टेंबरात गेल्या. त्यांचे अवयव कुटुंबानं दान केले. पुढं मुलीनं, जुई नवरे यांनी, वडिलांवर पुस्तक लिहिलं.

सलामीला मी कमी लेखत नाही. तिच्यामुळं घरातल्यांना कळतं की आपला माणूस सगळ्यांचा होता. पण एका कुटुंबाला क्षमा हवी असते, दुसऱ्याला उत्तरं हवी असतात, तिसऱ्याला दोन्ही नको असून फक्त मुलाची फी भरली जायला हवी असते. ज्या स्मृतिदिनात या तिघांना बोलायला जागा नाही, तो स्मृतिदिन त्यांच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. जगानं हे उशिरा का होईना ओळखलं. माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत २००४ साली बॉम्ब फुटले, तेव्हापासून युरोपात ११ मार्च हा दहशतवादाच्या बळींचा स्मृतिदिन झाला. संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी २१ ऑगस्ट ठरवला. ११ मार्च म्हणजे सेवाग्रामची परिषद सुरू झाली तीच तारीख. हा निव्वळ योगायोग, पण वर्धेकरांनी लक्षात ठेवावा असा.

परत आज. धामच्या पाण्यापासून फार दूर जायची गरज नाही. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याजवळ सुरुंग फुटला आणि पंधरा पोलीस व त्यांच्या गाडीचा चालक गेला. त्या घरांतली मुलं आता मोठ्या वर्गांत असतील. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामात सव्वीस जण मारले गेले, त्यांतले सहा महाराष्ट्रातले. त्यांची तेरावी केव्हाच झाली.

दहशतवादी, जातीय किंवा नक्षली हिंसाचारात बळी पडलेल्या सामान्य नागरिकांच्या वारसांसाठी केंद्र सरकारची मदत योजना २००८ पासून आहे. रक्कम आधी तीन लाख होती, २०१६ पासून पाच लाख आहे, आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडून पुढं जातं. वारसाचे दाखले, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, बँकेचं खातं. माणूस गेलेल्या घरात हे कागद गोळा करणारं कुणी शुद्धीवर नसतं. ग्रामपंचायत, शाळा, महिला बचतगट, भजनी मंडळ, यांपैकी कुणीही हे काम घेऊ शकतं. वर्षातून एक दिवस ठरवा, त्या घराला बोलवा, नाही आले तर त्यांच्याकडे जा, आणि भाषण करू नका. आणि तुमच्या तालुक्यात असं घर असेल, तर तेराव्याचे पाहुणे परतले की दुसऱ्या दिवशी सकाळी कागदांची पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर जिल्हाधिकारी कचेरीत जाणारा माणूस तुम्ही व्हा.