'सौभद्र' : एका घरच्या नाटकाची गोष्ट

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात 'संगीत सौभद्र' पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चौथीत होतो. आई, आज्जी, थोरला भाऊ आणि मी असे चौघे गेलो होतो. तिसरी घंटा झाली, नारळ फुटला, उदबत्तीचा वास पार आमच्या रांगेपर्यंत आला आणि ऑर्गनच्या सुरांबरोबर नांदी सुरू झाली. पडदा वर गेला आणि माझ्या शेजारी बसलेली आज्जीही गाऊ लागली! नटाच्या अर्धा शब्द पुढेच ती असायची. आज्जीला सहीपुरतेच लिहिता येत होते, पण सगळी पदे तोंडपाठ होती. शेवटी मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुढे वाकून म्हणाले, "आज्जी, जरा नाटकवाल्यांनाही म्हणू द्यात की!" आसपासचे सगळे हसले. आज्जी गप्प बसली, पण फक्त पुढच्या पदापर्यंत.

नोकरीनिमित्त बडोद्यास आलो, इथलाच झालो. तरी 'सौभद्र' म्हटले की मला आधी आज्जी आठवते, मग अर्जुन-सुभद्रा. अक्षरओळख नसलेल्या बाईला शंभरावर पदांचे नाटक पाठ कसे झाले, या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, ऐकले, ते यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवतो आहे.

कचेरीतला नाटककार

'सौभद्र'चे कर्ते बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' करून मराठी रंगभूमीचा पाया घातला. भाव्यांच्या पद्धतीत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्यानुसार आयत्या वेळी सुचतील ती भाषणे करीत. सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या अण्णासाहेबांनी १८८० मध्ये पुण्यात पारशी मंडळींचे 'इंद्रसभा' हे संगीत नाटक पाहिले आणि असे नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांना घेरले. कालिदासाचे 'शाकुंतल' त्यांनी मराठीत आणले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याचे पहिले चार अंक रंगमंचावर आले. आता ज्याचे दुःख तोच ते गाऊ लागला. शकुंतलेची व्यथा सूत्रधाराने सांगायची गरज राहिली नाही.

दोनच वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, 'सौभद्र'चे पहिले तीन अंक झाले. पुढच्या वर्षी पाच अंकी नाटक पूर्ण झाले. हे भाषांतर नव्हते. कथा महाभारतातली, पण मांडणी सर्वस्वी अण्णासाहेबांची. कानडी मुलखाच्या शिवेवर वाढलेल्या या माणसाच्या कानांत कीर्तनातली साकी-दिंडी होती, लावणी होती आणि कानडी पदांच्या चालीही होत्या. त्या सगळ्या त्यांनी नाटकात आणल्या. लोकांना पदे चटकन पाठ झाली याचे एक कारण हेच. शब्द नवे होते, चाली मात्र देवळात आणि ओसरीवर ऐकलेल्या होत्या. आज्जीचे कोडे मला इथे अर्धे सुटले.

देवांच्या घरातले लग्न

उरलेले अर्धे उत्तर कथेत आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर. पण थोरले बंधू बलराम यांनी तिला दुर्योधनाला द्यायचे ठरवले आहे. तीर्थयात्रेला निघालेल्या अर्जुनाला ही बातमी नारदाकडून कळते. धाकटे बंधू कृष्ण थोरल्याला उलट उत्तर देत नाहीत, पण आतून सगळी सूत्रे हलवतात. अर्जुनाला यतीचा वेष मिळतो आणि साधूंवर श्रद्धा ठेवणारे भोळे बलराम त्याच यतीच्या सेवेला सुभद्रेला पाठवतात! मधेच कृष्ण-रुक्मिणीचा लटका रुसवा आहे, घटोत्कचाची धावपळ आहे, आणि शेवटी लग्न आहे.

या नाटकात कोणी मरत नाही. खलपुरुष म्हणावा असा कोणी समोर येत नाही. बलराम हट्टी आहेत, पण दुष्ट नाहीत. मोठ्या भावाने परस्पर ठरवलेले लग्न, घुसमटणारी बहीण, दोघांचेही मन राखू पाहणारा धाकटा आणि सगळे कळूनही न कळल्यासारखे दाखवणारी वहिनी, यांतले कोणते माणूस आपल्या घरात नव्हते? द्वारकेच्या नावाखाली अण्णासाहेबांनी मराठी वाडाच उभा केला. म्हणून आजी, सून आणि नात एका रांगेत बसून हे नाटक पाहू शकल्या. आज्जीच्या लग्नात तिला कोणी काही विचारले नव्हते. सुभद्रेचे पद ती इतक्या जोरात का म्हणत असेल, हे मला फार उशिरा कळले.

बडोद्याची सुभद्रा

आता आपल्या गावाची गोष्ट. 'सौभद्र'मधली पहिली गाजलेली सुभद्रा कोण, तर भाऊराव कोल्हटकर. त्यांचा जन्म १८६३ चा, आणि तोही आपल्या बडोद्याचा! १८८२ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. या 'भावड्या'च्या आवाजासाठी लोक गाव ओलांडून येत. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि भाऊराव या तिघांच्या गळ्यांवर किर्लोस्कर मंडळी उभी राहिली.

म्हणजे पाहा, नाटककार गुर्लहोसूरचा, सुभद्रा बडोद्याची आणि प्रयोग पुण्याला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कधीकधी वाटते की, खरी मराठी संस्कृती तिकडे, आणि आपण इथे तिची नुसती आठवण सांभाळतो. 'सौभद्र'चा इतिहास तसे सांगत नाही.

अण्णासाहेब १८८५ मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. 'रामराज्यवियोग' हे त्यांचे पुढचे नाटक अपुरेच राहिले. भाऊराव १९०१ मध्ये गेले. पण नाटक थांबले नाही. पुढे बालगंधर्वांनी आधी सुभद्रा आणि नंतर रुक्मिणी गाजवली. हिराबाई बडोदेकरांनी सुभद्रा केली, तेव्हा सुभद्रेचे गाणे अखेर एका स्त्रीच्या गळ्यातून आले. बोलपट आले आणि नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या. तरीही जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी १९४९ साली 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली आणि त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार यांनी २०२२ मध्ये निधन होईपर्यंत हा वसा सोडला नाही. गोव्यात तर देवळांच्या उत्सवांत गावकरी स्वतः तोंडाला रंग लावून संगीत नाटके करीत आले. रात्रभर चालणारे प्रयोग तीन तासांवर आले, पदे निम्मीअर्धी झाली, पण घरच्या माणसांनी घरच्यांसाठी करायचे नाटक हे त्याचे रूप टिकले.

शाहू महाराजांचे थिएटर

मी ज्या नाट्यगृहात 'सौभद्र' पाहिले त्याचीही कथा सांगायला हवी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप प्रवासात तिथली नाट्यगृहे आणि क्रीडागारे पाहिली. परत आल्यावर कुस्तीसाठी खासबाग मैदान झाले आणि त्याला लागूनच नाटकासाठी पॅलेस थिएटर. १९१३ मध्ये काम सुरू झाले आणि १९१५ मध्ये थिएटर खुले झाले. एका भिंतीच्या अलीकडे तालीम आणि पलीकडे तान, हे कोल्हापुरातच शोभते.

या थिएटरला १९५७ मध्ये संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. केशवराव कोल्हापूरचे, जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. लहान वयात 'शारदा' नाटकातली शारदा करून त्यांनी नाव मिळवले आणि १९०८ मध्ये 'ललितकलादर्श' ही स्वतःची कंपनी काढली, ती हुबळीला. पुन्हा महाराष्ट्राबाहेरच! ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. भावाचा फोन आला. तो काही बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "आपलं थिएटर गेलं रे." रंगमंच, छत, खुर्च्या सगळे जळाले, दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. आज्जी जिथे बसून गायली ती जागा आता राख झाली होती. सकाळी कोल्हापूरचे कलावंत त्या भिंतींसमोर उभे राहून रडत असलेले टीव्हीवर पाहिले आणि त्या दिवशी कामात लक्ष लागले नाही. पुढे पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. नव्याने उभे राहिलेले थिएटर पाहायला मी जाणारच आहे.

पण त्या रात्रीपासून एक गोष्ट मनात घर करून आहे. 'सौभद्र' जिथे पहिल्यांदा झाले ते पुण्यातले नाट्यगृहही आज उरलेले नाही, तरी नाटक आहे. ते भिंतींनी सांभाळले नाही, आज्जीसारख्या माणसांनी सांभाळले. आज्जीला पाठ होते. आईला निम्मे येत होते. मला चार-पाच पदांची तोंडे आठवतात. माझ्या मुलीला नाटकाचे नाव माहीत आहे, एवढेच. छत जळते तेव्हा धूर दिसतो आणि बंब धावतात. घरातून पदे जातात तेव्हा कोणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. पुढच्या गणेशोत्सवात पाच दिवसांपैकी एक संध्याकाळ आपण 'सौभद्र'मधला कृष्ण-रुक्मिणीचा एक प्रवेश करू या. बाहेरून कंपनी नको, आपणच करू. पेटी वाजवणारे आपल्यात दोघे आहेत, तबलाही आहे. गळा कोणाकडे आहे ते भजनाच्या दिवशी सगळ्यांनी ऐकलेच आहे. तालमींना आमच्या घराची गच्ची मोकळी आहे. मुलांना मात्र पुढच्या रांगेत बसवा, आणि त्यांच्यातले कोणी मधेच गाऊ लागले तर त्यांना गप्प करू नका.