‘एवढ्याशाने काय होतंय?’



मागच्या पर्युषणानंतर पारण्याला नणंदेची सून चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. “मामी, याला शेंगदाणा अजिबात चालत नाही हं,” असं तिने आल्याआल्या सांगितलं. मी त्याच्यासाठी साधी मुगाची आमटी वेगळी ठेवली. पण दोडक्याच्या कूट घातलेल्या भाजीतला डाव त्याच आमटीत घातला. मनात म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय?

पाच मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. सुनेने पर्समधलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीत दिलं आणि आम्ही दवाखाना गाठला. मुलगा वाचला. मला मात्र रात्री झोप येईना, म्हणून या दुखण्याचा इतिहास वाचत बसले.

1901 साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी तशाच एका समुद्री जीवाचं विष कुत्र्यांना टोचलं. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने पहिला डोस पचवला. तीन आठवड्यांनी त्याला थोडंसंच विष पुन्हा दिलं आणि तो काही मिनिटांत गेला. वाचताना त्या मुक्या जिवासाठी मन कळवळलं. रिशे यांना या शोधासाठी 1913 चं नोबेल मिळालं. ‘ॲलर्जी’ हा शब्द 1906 मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला.

तरी लोक म्हणतच राहिले, हे मनाचे खेळ. 1921 मध्ये जर्मनीत कार्ल प्राउस्निट्झ या डॉक्टरांनी प्रयोग केला, तोही स्वतःवर. त्यांचे सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांना मासा सोसत नसे. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झनी आपल्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर नेमकी तीच जागा सुजली. म्हणजे दोष रक्तात होता, मनात नव्हे. रक्तातला तो घटक, आयजीई, पुढे 1966 च्या सुमारास किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवराबायकोने शोधला.

मी कॉमर्सची. हिशेबात एक पैसा चुकला तरी ताळेबंद जुळत नाही, हे मला पक्कं ठाऊक. स्वयंपाकघरात तो नियम कसा विसरले?

आपण कांदा-लसूण घालत नाही, त्यामुळे दाटपणासाठी कूट, काजू, मगज जास्त वापरतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून निर्धास्त होतो. तो ठिपका शाकाहार सांगतो, शेंगदाणा नव्हे. 2020 च्या नियमांनुसार शेंगदाणे, दूध, गहू, सोयाबीन, सुकामेवा असे घटक पाकिटावर वेगळे लिहावे लागतात. ती ओळ वाचा. अशा पाहुण्याचा स्वयंपाक आधी करा, घासलेल्या भांड्यात, वेगळ्या डावाने. ताट आईला विचारूनच वाढा. आणि अंगावर गांधी उठून धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन आधी, मग थेट दवाखाना.

पाणी गाळताना न दिसणाऱ्या जिवाची काळजी घेणाऱ्या आपण. समोर पाटावर बसलेल्या जिवाची नको का घ्यायला?

त्या सुनेला मी फोन करून क्षमा मागितली. ती म्हणाली, “मामी, पुढच्या वर्षीही येतो.” नवा डाव आणून ठेवलाय.