भावाची उडी

ऑक्टोबर १९८५. न्यूयॉर्कच्या उत्तरेला चप्पाक्वा नावाचं गाव आहे, तिथल्या एका पार्किंगच्या कडेला तुम्ही उभे आहात. हवेत गारठा आहे आणि तुम्ही स्वेटर आणलेला नाही. समोर पांढऱ्या कपड्यांतला एक शाळकरी पोरगा धावतोय. मागे जातो, पुन्हा धावतो. उडी मारतो, भिंतीच्या कडेला लोंबकळतो, अंग उचलून वर चढतो. त्याचा मोठा भाऊ जॉर्डन मेकनर हे सगळं व्हीएचएस कॅमेऱ्यात टिपतोय. वय २१, येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला. शिकता शिकताच त्यानं ‘कराटेका’ नावाचा गेम लिहिला आणि तो खपलाही.

पोराकडे नीट बघा. उडीनंतर गुडघ्यात किंचित वाकतो. थांबायचं म्हटलं तरी पाय एकदम थांबत नाहीत, जरा पुढे घसरतात. ओळखलंत? कॉम्प्युटर क्लासच्या काळ्या डॉस स्क्रीनवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ गेमसाठी ‘प्रिन्स’ टाइप करून, सर यायच्या आत दोन लेव्हल उरकायच्या घाईत, याच पोराला तुम्ही कितीदा तरी खालच्या सुळ्यांवर पाडलंय. त्याचं नाव डेव्हिड.

आता अंधाऱ्या खोलीत या. टीव्ही चालू आहे, व्हीसीआर पॉजवर, आणि जॉर्डन पडद्याचे फोटो काढतोय. एक फोटो, टेप थोडी पुढे, पुन्हा एक फोटो. रोल धुऊन आले की प्रिंट टेबलावर चिकटवायच्या. डेव्हिडभोवतीचं सगळं काळ्या मार्करनं भरायचं, आकृती व्हाइटनरनं उजळायची, मग झेरॉक्स काढायची आणि ती कॉम्प्युटरमध्ये घ्यायची. तुमची बोटं मार्करनं काळी झाली आहेत, व्हाइटनरच्या वासानं डोकं जड झालंय, आणि एवढं करून अजून एक उडीही पूर्ण झालेली नाही. गेम बनवणं म्हणजे दिवसभर खेळणं, असं समजणाऱ्या मामा-काकांना या टेबलापाशी आणून बसवावं.

पुढची पानं भराभर उलटा. १९८६, कॅलिफोर्नियातलं सॅन राफेल, ब्रॉडरबंड या प्रकाशन कंपनीचं ऑफिस. जॉर्डनला इथे बसायला जागा आहे, पगार नाही. गेम खपला तर रॉयल्टी. लेखकाला पुस्तकामागे मिळते तशीच. त्यामुळे मानगुटीवर साहेब बसलेला नाही, पण महिन्याअखेरची हमीही नाही. त्यातून त्याचं मन दुसरीकडेच आहे. त्याला सिनेमा लिहायचाय. पटकथेच्या पायी तो गेम महिनोन्महिने बाजूला ठेवतो, आणि त्या मोकळ्या खुर्चीपाशी उभं राहून तुम्हालाच घोर लागतो. कारण हे सगळं चाललंय ॲपल-टूसाठी. १९७७ साली आलेलं हे मशीन आता बाजारातून उतरत चाललंय. गेम पुरा होईल तेव्हा घ्यायला कुणी उरेल का?

आणि मग १९८८ मध्ये मेमरी संपते. नायक धावतो, लटकतो, पडतो, सगळं कसं जिवंत; पण समोर कुणी शत्रूच नाही. टोमी पियर्स ही सहकारी त्याच्या मागे लागली आहे, लढाई हवीच म्हणून. दुसऱ्या माणसाची चित्रं ठेवायला जागा कुठून आणायची? इथे खुर्ची जवळ ओढा, हे बघायलाच आपण आलोय. तो नायकाचीच चित्रं घेतो, त्यांच्यावर तीच चित्रं एक ठिपका सरकवून चढवतो. दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे काळं उरतं, कडांना लुकलुकती रेघ. झाला नवा माणूस, एकही नवं चित्र न काढता. आरशातून उडी मारल्यावर पलीकडून निघून जातो, तुमच्या वाटचं औषध पिऊन टाकतो, तोंडावर दार पाडतो, तो छायापुरुष हाच. शेवटी त्याच्याशी लढलात तर त्याला बसणारा प्रत्येक घाव तुम्हालाच लागतो; तलवार म्यान केली तरच वाट मिळते. भरपूर मेमरी असती तर एखादा दाढीवाला राक्षस मिळाला असता, असं मला राहून राहून वाटतं.

त्यानंतर इकडचे तिकडचे बाइट वाचवून पहारेकऱ्यांनाही जागा निघाली. त्यांच्या तलवारबाजीसाठी १९३८ चा रॉबिन हूडचा चित्रपट पुन्हा पुन्हा फिरवायचा. एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन हे नट बरोबर बाजूने दिसतात अशी जेमतेम काही सेकंदं त्यात सापडतात. तेवढ्यावर भागवायचं. संगीत जॉर्डनच्या वडिलांचं. घरचंच कार्य म्हणा ना!

ऑक्टोबर १९८९ मध्ये गेम दुकानात येतो. गल्ल्याची घंटा वाजायची वाट बघू नका. जुलै १९९० पर्यंत अमेरिकेत ॲपल-टूवर ७,००० प्रती जातात आणि पीसीवर तेवढ्याच. नाव होतं ते नंतर, जपान-युरोपातून फिरून आल्यावर. तुमच्या क्लासमध्ये तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आला. त्याचे पैसे कुणी दिले, हे रॉयल्टीवर जगणाऱ्या त्या माणसासमोर तरी काढू नका.

मूळ कोड हरवला, असंच जॉर्डन समजून चालला होता. २०१२ मध्ये वडिलांना घरात एक खोका मिळाला, आत जुन्या फ्लॉप्या. त्या अजून वाचता येत होत्या.

परत या. तुमच्यासमोर तोच काळा डॉस स्क्रीन आहे, नायक कडेपाशी उभा आहे, खाली सुळे. सर व्हरांड्यात बोलताहेत. शिफ्ट दाबून धरा आणि बाण एकदाच दाबा. डेव्हिड अगदी जपून, अर्धं पाऊल पुढे टाकतो.