कुंडीतल्या मातीचा सामू

अनंताचे कलम घरी येते ते बहुधा पावसाळ्यात, गर्द हिरव्या पानांचे आणि दोन-चार कळ्या धरलेले. खिडकीत ठेवले की दिवाळीपर्यंत सगळे सुरळीत चालते. मग उन्हे तापू लागतात तशी नव्या फुटीची पाने फिकट निघतात. पान पिवळे, शिरा मात्र हिरव्या. उजेडाकडे धरले तर हिरव्या दोऱ्याने विणलेली जाळी दिसावी तसे. कळ्या धरतात आणि न उमलता गळतात. घरातले कोणी म्हणते, खत कमी पडले असेल. खत घातले जाते आणि पुढची पाने आणखी पिवळी येतात. माझ्या घरी हे सलग दोन वर्षे झाले. तिसऱ्या वर्षी खताची पिशवी बाजूला ठेवून मी मातीचा सामू मोजला. तो ८ निघाला. अनंताला हवा असतो ५ ते ६ च्या दरम्यान. त्या एका आकड्यापासून हे पुस्तक सुरू झाले.

सामू हा शब्द शेतकऱ्याच्या घरात नवा नाही. माती परीक्षणाच्या अहवालात तो असतोच, आणि २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेमुळे तो आणखी घरोघर पोचला. शहरात त्यालाच पीएच म्हणतात. ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. नवख्या वाचकाने एवढे मात्र पक्के लक्षात ठेवावे, की या पट्टीवरची प्रत्येक पायरी दहापटीची आहे. ६ आणि ८ यांत दोनचा फरक दिसतो. आम्लतेत तो शंभरपट असतो.

अनंताच्या पिवळेपणाचे मूळ इथे आहे. त्या मातीत लोह कमी नव्हते. आपल्याकडच्या जांभ्याला आणि तांबड्या मातीला रंगच मुळी लोहाचा आहे. पण मुळे लोह घेतात ते पाण्यात विरघळलेले, आणि सामू एकाने चढला की हवेशीर मातीतल्या लोहाची विरघळण्याची क्षमता सुमारे हजारपटीने घटते. मँगनीज आणि जस्ताचेही तसेच, प्रमाण निराळे. म्हणजे कोठार भरलेले आहे आणि दाराला कुलूप आहे. अशा वेळी आणखी धान्य आणून दारात ओतल्याने उपाशी माणसाची सोय होत नाही.

आता या पुस्तकाचा मुख्य आग्रह. शेताच्या मातीचा सामू हा मुख्यतः तिच्या खडकाचा आणि तिथल्या पावसाचा वारसा असतो. कुंडीच्या मातीचा सामू हा बहुतांशी तिला घातलेल्या पाण्याचा इतिहास असतो. रोपवाटिकेतून आले तेव्हा माझे अनंत तांबड्या मातीत आणि कोकोपीटमध्ये होते, तक्रार करण्यासारखे तिथे काही नव्हते. फरक पडला तो पाण्याने. पावसाळा सरला, सोसायटीत बोअरचे आणि टँकरचे पाणी सुरू झाले. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि त्यांच्या जोडीने बायकार्बोनेट असते. गिझरच्या कॉइलवर जे पांढरे पुट धरते तेच कुंडीच्या कडेवर दिसते आणि तेच मातीत साठते.

हिशोब करून पाहू. एका लिटरमध्ये २५० मिलिग्रॅम चुनखडीइतकी विम्लता असलेले पाणी आपल्याकडे दुर्मीळ नाही. दिवसाआड अर्धा लिटर घातले तर वर्षाला सुमारे ९० लिटर होते, म्हणजे २२ ग्रॅमहून जास्त चुनखडी घातल्यासारखेच. शेतात ही चुनखडी टनावारी मातीत विखुरते, पावसाने खाली उतरते. पाच लिटरच्या कुंडीत तिला कुठे जायला वाट नसते. शिवाय कोकोपीटसारख्या हलक्या मिश्रणात सामूचा बदल पचवण्याची ताकद कमी असते. काळी माती तो बराच काळ थोपवते, पण एकदा बदलला की परत आणू देत नाही. म्हणूनच शेतीच्या पुस्तकातल्या हेक्टरी मात्रा भागाकार करून कुंडीला लावणे मला मान्य नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाण्याचा सामू आणि पाण्याची विम्लता, म्हणजे त्यातल्या बायकार्बोनेटचा साठा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन घरांचे पाणी ७.५ दाखवू शकते. त्यातले एक वर्षभरात माती बिघडवते, दुसरे बिघडवत नाही. पाण्याचा अहवाल हाती आला की आधी विम्लतेचा रकाना पाहावा. तसेच पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी अनेक घरांत झाडांना जाते. त्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे, अनंताला आणि अँथुरियमला कधीही नाही.

पान पाहून निदान करता येते, पण घाई करू नये. लोहाची उणीव कोवळ्या पानांत आधी दिसते, मॅग्नेशियमची जुन्या पानांत. नत्राच्या उणिवेत जुने पान शिरांसकट सरसकट पिवळे पडते. आणि पाणी साचून मुळे गुदमरली असतील तर सामू योग्य असूनही कोवळी पाने जाळीदार होतात. त्यामुळे मोजण्याआधी कुंडीच्या तळाचे भोक मोकळे आहे ना, ते पाहावे.

मोजण्याची विद्या आपल्या घरात पूर्वीपासून आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू याच गुणावर बनत आले. शाळेत जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि विम्लात हिरवा होताना आपण पाहिला आहे. मुलांना विषयाची गोडी लावायला याहून चांगला प्रयोग मला ठाऊक नाही. मात्र हळद ८ च्या आसपास पोचल्याशिवाय लाल होत नाही, म्हणून ती पिवळी राहिली तरी अनंत सुखात आहे असे धरू नये. कुंडीसाठी सोपी रीत अशी: नेहमीसारखे पाणी घालावे, तासभर थांबावे, मग वरून कपभर डिस्टिल्ड वॉटर ओतून खाली झिरपेल ते पहिले पाणी वाटीत धरावे आणि पट्टीने किंवा मापकाने तपासावे. मापक आधी ४ आणि ७ सामूच्या प्रमाण द्रावणात जुळवून घ्यावा. मातीत खुपसायच्या दोन काट्यांच्या स्वस्त मापकावर विसंबून कोणताही उपचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपचाराचा क्रम पाणी, माती, पान असा हवा. आपण तो बहुधा उलटा लावतो. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी भरून ठेवता आले तर त्यासारखे औषध नाही. एसीतून ठिबकणारे पाणीही जवळजवळ क्षारविरहित असते. बोअरच्या पाण्यात असे मऊ पाणी निम्मे मिसळले तरी विम्लता जवळपास निम्म्यावर येते. नत्र द्यायचे तर थोड्या अमोनियम सल्फेटमधून द्यावे, कारण अमोनियमचे नत्र माती आम्लतेकडे नेते आणि नायट्रेटचे उलट दिशेला.

मातीकडे वळताना आधी चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर तीत मोकळी चुनखडी आहे. तुम्ही घालाल ते आम्ल आधी त्या चुनखडीवर खर्च होईल. अशा मातीशी झुंजत बसण्यापेक्षा झाड नव्या मिश्रणात हलवणे शहाणपणाचे. बुडबुडे नसतील तर गंधकाची पूड उपयोगी पडते. मातीतले जिवाणू गंधकाचे आम्ल करतात, त्यांना ओल आणि ऊब लागते, आणि त्यांचे काम आठवड्यांत आणि महिन्यांत चालते. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून दुसरा डोस देणाऱ्यांनी कितीतरी झाडे मारली आहेत. ताक, लिंबाचा रस, व्हिनेगर यांची आम्ले जिवाणू थोड्या दिवसांत खाऊन टाकतात. परिणाम टिकत नाही. जिप्समने चोपण माती सुधारते म्हणून ते कुंडीतही घातले जाते, पण चुनखडीच्या मातीचा सामू खाली आणणे हे त्याचे काम नव्हे. अंड्याची टरफले आणि राख तर सामू वर नेणारी. राख झपाट्याने, टरफले सावकाश.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, जुने आणि स्वस्त औषध आहे, पण विम्ल मातीत पडताच त्यातले लोह पुन्हा कुलूपबंद होते. चिलेटयुक्त लोह, म्हणजे विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेले लोह, घेताना डब्यावरचे नाव वाचावे. ईडीटीए साधारण ६.५ पर्यंत टिकते, डीटीपीए ७.५ पर्यंत, आणि त्यापुढे ईडीडीएचए लागते. ८ सामूच्या कुंडीत ईडीटीए घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

उलटी अडचणही असते. फार आम्ल मिश्रणात जिरेनियम मँगनीज आणि लोह गरजेपेक्षा जास्त ओढते आणि पानांवर तपकिरी ठिपके येतात. तिथे डोलोमाइट चुना हवा. आफ्रिकन व्हायोलेटला ६ ते ६.५ मानवतो. हायड्रेंजियाचा तर रंगच सामूवर फिरतो: आम्ल मातीत ॲल्युमिनियम झाडाला मिळते आणि फूल निळे होते, विम्ल मातीत गुलाबी राहते.

मराठीत शेतीच्या मृदाशास्त्राचे लेखन विपुल आहे. कुंडीकडे त्यातले फार थोडे वळले. खिडकीतल्या एका झाडासाठी हे शास्त्र शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाचे या विषयात मनापासून स्वागत आहे. रसायनशास्त्राची पूर्वतयारी लागत नाही, वही लागते. तीत तारीख, पाणी कुठले, झिरपलेल्या पाण्याचा सामू आणि नव्या पानाचा रंग एवढेच महिन्यातून एकदा लिहावे. वर्षभराने त्या नोंदी, आपल्या गावाच्या नावासह, मला जरूर कळवाव्यात. पुढच्या आवृत्तीत गावोगावच्या पाण्याचे प्रकरण त्यांच्याच आधारे लिहायचे आहे.