तांब्यातला गंधक

हेदवी म्हटलं की दशभुज गणपती आठवतो, नाहीतर बामणघळीत उसळणारं पाणी. तांब्याची खाण आठवत नाही, कारण तिथे ती नाहीच! खाली काळा कातळ, वर जांभा. पण देवघरात ताम्हन-पळी असतेच. मग ते तांबं येतं कुठून? या प्रश्नाचं उत्तर शोधताना रत्नागिरीच्या इतिहासातलं एक पान उघडतं.

जगातलं बहुतेक तांबं गंधकयुक्त खनिजांतून निघतं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाल्कोपायराइट. आयुर्वेदातलं सुवर्णमाक्षिक ते हेच. पितळेसारखं पिवळं, धातूसारखं चकाकणारं, त्यामुळे सोनं समजून भलेभले फसतात. परीक्षा सोपी आहे. चकाकी नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर घासा. सोन्याची रेघ पिवळी उमटते, याची हिरवट काळी. हातोडीने ठोकलं तर सोनं पसरतं, याचा भुगा होतो.

आता खरी मेख बघा. शंभर किलो शुद्ध चाल्कोपायराइटमध्ये तांबं साधारण ३५ किलो, लोखंड ३० किलो आणि गंधक ३५ किलो. म्हणजे किलोभर तांब्यामागे किलोभर गंधक! भट्टीत तो जळला की त्याचा जवळपास दोन किलो सल्फर डायऑक्साइड होतो. कारखाने हा वायू पकडून त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. खतासाठी ते विकलंही जातं. पण सगळी भिस्त ‘पकडण्या’वर. सुटला, तर घसा जळतो, झाडाची पानं करपतात.

हेदवीहून तवसाळला जाऊन जयगडची फेरीबोट घेतली की पुढे रत्नागिरी. तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टरलाइटचा तांबं वितळवण्याचा कारखाना उभा राहत होता. आंबा बागायतदार आणि मच्छीमार पेटून उठले. हापूसच्या मोहोराचं काय, मासळीचं काय, हा त्यांचा साधा सवाल होता. शेवटी जुलै १९९३मध्ये जिल्हा प्रशासनाने बांधकाम थांबवायला लावलं. आंदोलन जिंकलं.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं होतं. कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. परदेशातून जहाजाने येणारं खनिज तिथे वितळू लागलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाबद्दल कंपनीला १०० कोटी रुपये भरायला लावले. २२ मे २०१८ रोजी विरोधकांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, १३ माणसं मेली. त्याच महिन्यात कारखान्याला टाळं लागलं. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उघडायला नकार दिला.

टाळं लागल्यावर भारत शुद्ध तांबं निर्यात करणारा देश राहिला नाही, उलट आयात वाढली. म्हणजे आपल्या वाटचा गंधक आता दुसऱ्या कुणाच्या तरी गावात जळतो. रत्नागिरीकरांचं चुकलं असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या दारात धूर नको म्हणण्याचा हक्क त्यांना होता, आणि तोच तुतिकोरिनकरांनाही होता. पण वायरपासून लॅपटॉपपर्यंत तांबं तर आपल्याला हवंच.

एक वाट आपल्या आजीला ठाऊक होती. जुनं भांडं मोडीत देऊन नवं घ्यायचं. त्या तांब्यातला गंधक एकदाच, पहिल्या भट्टीत जळून गेलेला असतो. कितीही वेळा वितळवा, तो पुन्हा निघत नाही. आता कपाटातले जुने चार्जर मोजून बघा!