नागपूरचा तो दिवस

भोपाळच्या बिट्टन मार्केटमध्ये भाजी घेताना माझे एक ख्रिस्ती स्नेही सहज म्हणाले, ‘माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, पत्नीने जाणतेपणी घेतला, मंडळी मात्र आमची एकच.’ या उद्गाराचे मूळ मला नागपुरात दिसते. तेथे 29 नोव्हेंबर 1970 रोजी अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रेदरन आदी सहा मंडळ्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त एक झाल्या. बोलणी 1929 पासून चाललेली! घोडे अडे ते बाप्तिस्म्यापाशी. अखेर कोणालाही चूक न ठरविता दोन्ही रीती मान्य झाल्या. माझ्या मते खरे धैर्य ते हेच. अमेरिकी परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी मात्र ऐन वेळी मागे सरली. 1981 पासून ती स्वायत्तपणे नांदते आहे.